पलीकडची पकड

१

बाबांची कूस बदलणं हे दोन माणसांचं काम. अंगाखाली एक आडवी चादर अंथरलेली असते. दोघांनी दोन बाजूंनी तिच्या कडा गुंडाळून मुठीत धरायच्या, एकदम उचलायचं, थोडं सरकवायचं आणि मग एक कड वर घेत घेत म्हाताऱ्याला अलगद कुशीवर कलंडवायचं. दर दोन तासांनी. एकटा माणूस हे करायला गेला की उचलणं होत नाही, ओढणं होतं. ओढलं की कातडी घासते, लाल होते आणि एक दिवस उघडते. मग ती जखम मिटता मिटत नाही.

हे सगळं दादानं बारक्याला शिकवलं होतं. आणि आता दादाच नव्हता.

बारक्या नावाचाच बारका. दारातून आत येताना त्याला खांदे तिरके करावे लागत. चौथीत मास्तरांनी सगळ्यांदेखत हसं केलं म्हणून दप्तर वर्गातच टाकून जो उठला, तो पुन्हा शाळेच्या बाजूला फिरकला नाही. डोक्यात आलं की हातून घडलंच, अशी त्याची तऱ्हा. दादाला पोचवून आल्यावर त्यानं दादाचा कामाचा पट्टा, ओझं पाठीवर घेताना बांधतात तो, रागारागानं गॅलरीतून खाली भिरकावला. आणि लगेच तीन मजले अनवाणी धावत जाऊन छातीशी धरून वर आणला. राग कुणावर, हे त्यालाही सांगता आलं नसतं. टेम्पोच्या फळीवर बसून चहा पिता पिता दादा एका बाजूला कलला होता. बारक्याला वाटलं, मस्करी चाललीय. "सांडशील," तो म्हणाला. चहा सांडला. दादा उठलाच नाही.

घरं हलवणं हा त्यांचा धंदा. बाबांनी सुरू केला, पोरांनी पुढे चालवला. मोठं कपाट जिन्यावरून उतरवायचं तर एक माणूस वर, एक खाली. मधे पुरुषभर उंचीचं लाकूड. एकमेकांचं तोंड दिसत नाही, आणि जिन्यात आवाज असा घुमतो की कोण काय म्हणालं याचा पत्ता लागत नाही. म्हणून बाबांनी बोलणंच काढून टाकलं होतं. खालच्याची पकड बसली की त्यानं लाकडावर दोन ठोके द्यायचे. वरच्यानं एक ठोका दिला की उचलायचं. तळहाताची थाप म्हणजे टेकव. आणि एक सक्त नियम: कडेनं डोकवायचं नाही. वरचा डोकावला की ओझं कलतं आणि सगळा भार खालच्याच्या अंगावर जातो.

खाली नेहमी दादा. जड बाजू त्याची. बारक्यानं कामावर दादाला कधी पाहिलाच नाही म्हटलं तरी चालेल. पलीकडून येणारे दोन ठोके आणि ओझ्याचा तोल, एवढाच दादा. त्या तोलावरून दादा दमलाय, चिडलाय की मनातल्या मनात हसतोय, हेही बारक्याला कळायचं.

दादा गेल्यावर आत्याच्या सांगण्यावरून बारक्यानं बाबांचा पलंग भिंतीला लावून टाकला. पलीकडे धरायला माणूस नाही, तर निदान भिंत तरी म्हाताऱ्याला पडू देणार नाही. पलंग आणि भिंत यांच्यात पंजा घालायलाही फट उरली नाही.

त्या दुपारी त्यानं आपल्या बाजूची कड गुंडाळली, मूठ बांधली, आणि सवयीनं थांबला. आपण कशासाठी थांबलोय हे ध्यानात यायच्या आत पलंगाच्या लाकडावर दोन ठोके पडले.

आणि त्याच सवयीनं, काही विचार न करता, बारक्यानं एक ठोका दिला.

बाबा उचलले गेले. ओढले नाही गेले. दोन्ही बाजूंनी सारखे, पाण्याच्या पातळीसारखे सपाट, वर उचलले गेले.

२

पाणी पिऊन, तोंडावर मारून, बारक्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा राहिला आणि स्वतःची समजूत घालत बसला.

ठोके बाबांनीच दिले असणार. सरळ आहे. सगळं आयुष्य त्यांनी लाकडावर ठोकण्यात घालवलं. डोक्यातलं सगळं पुसलं गेलं तरी बोटांतलं राहिलं असेल. चादर उचलली गेली, कारण बाबा वाळलेत. गेल्या वर्षीचे बाबा आणि आताचे बाबा यात निम्म्याचा फरक. आणि आपल्या अंगात रेड्याची ताकद आहे, हे तर दादाच म्हणायचा.

दोन तासांनी त्यानं मुद्दाम बाबांचे दोन्ही हात छातीवर ठेवले, वर उशी ठेवली आणि मग कड धरली. वाट पाहिली.

ठोके पडले. उशी हललीसुद्धा नाही.

सकाळी आत्या आली. ही बाबांची धाकटी बहीण. दोन गल्ल्या सोडून राहायची, सत्तरी उलटली तरी तीन मजले चढून यायची आणि चढून आली हे चौघांना कळेल अशा बेतानं धापा टाकायची.

"चहा टाक. नको, राहू दे, मीच टाकते. तुझ्या हातचा चहा म्हणजे भांडी विसळलेलं पाणी."

"मग पितेस कशाला?"

"तुझं तोंड पाहून. आरशात बघितलंस का? दाढी वाढलीय, डोळे खोल गेलेत. तू त्याला सांभाळतोयस की तो तुला?"

ठोक्यांचं सांगावं असं बारक्याच्या जिभेवर आलं होतं. पण आत्याच्या पोटात काही राहत नाही, आणि आधीच सगळे म्हणत होते की पोरानं भावाचा धसका घेतलाय.

आत्या बाबांच्या उशाशी बसली, कपानं नाही तर चमच्यानं त्यांना दूध पाजू लागली. बाबा प्रत्येक चमच्याला तिच्याकडे नव्यानं बघत होते.

"कोण गं तू?"

"तुझी सासू," आत्या म्हणाली. बाबा खुदकन हसले. आत्यानं पदरानं त्यांचं तोंड पुसलं, तेवढ्यात आपलेही डोळे पुसून घेतले. मग एकाएकी थांबून म्हणाली, "बारक्या, हा हल्ली विचारत नाही रे."

"काय?"

"मोठा कुठंय म्हणून."

खरंच की. दादा गेल्यापासून बाबा दिवसातून कितीदा तरी विचारायचे, "मोठा कुठंय?" पहिल्यांदा बारक्यानं खरं सांगून टाकलं, तर बाबा लहान मुलासारखे रडले. तासाभरानं विसरले, पुन्हा विचारलं; त्यानं पुन्हा सांगितलं, ते पुन्हा तसेच रडले, जणू पहिल्यांदाच ऐकत होते. तेव्हा आत्या त्याच्यावर खेकसली होती: "रोज रोज त्याचा पोरगा मारतोस का? कामावर गेलाय म्हण!" तेव्हापासून दादा कामावर गेलेला होता.

आणि आता बाबा विचारतच नव्हते. हरवलेली वस्तू सापडली की माणूस शोधणं थांबवतो, तसे थांबले होते.

३

आठवड्यातून दोनदा नर्सबाई यायच्या. कमी बोलायच्या, पण हात लोण्यासारखे. बारक्याला बाबांना एका कुशीवर कलतं धरायला लावून त्यांनी पाठ, कंबर, टाचा, सगळं बोटांनी चाचपून पाहिलं.

"कोण येतं मदतीला?"

"कुणी नाही."

"अहो, चांगलंच आहे, लपवता कशाला? मी रागावणार आहे का? भाऊ गेल्यावर मला वाटलं होतं, महिन्याभरात पाठ उघडणार. आणि ही बघा. तान्ह्या बाळासारखी आहे. हे एकट्याचं काम नाही."

"मी एकटाच असतो."

नर्सबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग बाबांना परत उताणं केलं आणि आडव्या चादरीची बारक्याकडची कड बोटांत धरली. तिच्यावर मुठीत आवळल्याचे चुरगळे होते. मधे खोल, दोन्हीकडे पसरत गेलेले. मग त्या पलंगावर वाकल्या आणि भिंतीकडची कड वर ओढून काढली.

तिथेही तसेच चुरगळे. दोन मुठींचे.

"आणि हे काय, भिंतीनं धरली होती?" त्या हसत म्हणाल्या.

बारक्याला हसता आलं नाही. तो पलंग आणि भिंत यांच्या मधली जागा बघत होता. तिथे जागाच नव्हती. तरी त्या भिंतीला पाठ घासत, पोट आत ओढून, तिरका होऊन कुणीतरी रोज उभं राहत होतं. अरुंद जिन्यात कठड्याला चिकटून दादा उभा राहायचा, अगदी तसं. पोटऱ्या दुखत असतील त्याच्या. बारक्याच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे. भीती नंतर आली.

४

नर्सबाई गेल्या तशी त्यानं पलंगाला खांदा लावला आणि तो भिंतीपासून चांगला माणूसभर लांब सरकवला. मधली जागा झाडली. फरशी ओल्या फडक्यानं पुसली. मग आत जाऊन दादाचा पट्टा आणला आणि तिथल्या खुंटीला अडकवला.

"घे," तो म्हणाला. "ऐसपैस उभा राहा."

आपण वेडे झालोय का, हा प्रश्न त्यानं स्वतःला विचारून पाहिला. उत्तर आलं नाही, पण ठोके आले. मोकळे, खणखणीत, दोन. जागा मिळाल्यावर पकड चांगली बसते.

त्यानंतरचे दिवस, सांगायला विचित्र वाटेल, पण सुखाचे गेले. बारक्या पुन्हा बोलायला लागला. कूस बदलताना तो दादाला सगळं सांगायचा. धंदा सांभाळणाऱ्या मुकादमानं गाडीवर कुठला नवा पोरगा घेतलाय, खालच्या मजल्यावरच्या मास्तरणीचा पियानो हलवायचाय म्हणे आणि तो नवा पोरगा तिला 'पेटी आहे का' म्हणून विचारून आला. पलीकडून उत्तर नसायचं. पण उचलताना चादर किंचित थरथरायची, दादा हसू दाबून ओझं धरायचा तेव्हा कपाट थरथरायचं तशी.

डोकवायचं मात्र नाही. कूस बदलताना बारक्याची नजर बाबांच्या तोंडावर असायची, पलीकडे नाही. एरवी तो त्या जागेत बघायचा. तिथे भिंत असायची, पोपडे आलेला रंग, खुंटी, पट्टा. बस. पण ज्या क्षणी मूठ आवळली जायची त्या क्षणी तिकडे बघायची त्याची छाती होत नसे. नुसती भीती नव्हती ती. मोठ्या देवळात गेल्यावर आवाज आपोआप खाली येतो, तशी त्याची नजर आपोआप खाली यायची. आपल्या दोन खोल्यांच्या घरात, वाळत घातलेल्या फडक्यांमधे, औषधांच्या वासात, काहीतरी येऊन उभं राहतंय जे येऊ शकत नाही. आणि ते कशासाठी येतं, तर म्हाताऱ्याची पाठ सोलवटू नये म्हणून. हे इतकं मोठं होतं की बारक्याच्या डोक्यात मावत नव्हतं.

बाबा मात्र खुशाल तिकडे बघायचे. कधीकधी मान डोलवायचे, काम बरं चाललंय असं मुकादमानं म्हणावं तसे.

५

मग बाबांनी गिळणं सोडलं.

दूध तोंडात तसंच राहायचं आणि कडेनं ओघळायचं. नर्सबाईंनी नाडी पाहिली, पाय दाबून पाहिले, डॉक्टरांशी फोनवर बोलल्या आणि बारक्याला गॅलरीत नेलं.

"आता जबरदस्तीनं भरवू नका. ठसका लागेल. ओठ ओले ठेवा, जवळ बसा, बोलत राहा. या आजारात शेवटी शरीर गिळायचंही विसरतं."

"म्हणजे?"

"म्हणजे जवळ आलंय. दिवस नाही सांगता येणार."

"सलाईन लावा ना मग. हॉस्पिटलात नेऊ. मी नेतो उचलून."

"तुम्ही न्याल, मला माहितीय," नर्सबाई म्हणाल्या. "पण कशासाठी न्याल, ते एकदा स्वतःला विचारा. त्यांच्यासाठी की तुमच्यासाठी?"

बारक्यानं कठड्यावर हात आपटला. बाई त्याच्या दंडावर एकदा हात ठेवून जिना उतरून गेल्या.

तो आत आला. नुकतीच कूस बदलून झाली होती; अजून बराच वेळ काही करायचं नव्हतं. बाबा डोळे मिटून, तोंड उघडं टाकून श्वास घेत होते. एक श्वास, मग मोठी पोकळी, मग दुसरा. बारक्या जमिनीवर बसला आणि पलंगाच्या पायाला डोकं टेकलं.

दोन ठोके.

लाकडातून थेट त्याच्या कवटीत गेले. तो उठला. "आत्ता नाही," तो म्हणाला. "आत्ताच तर केली."

दोन ठोके. घाई नाही, राग नाही.

मग त्यानं चादर पाहिली. त्याच्या बाजूची कड खाली लोंबत होती. पलीकडची लोंबत नव्हती. ती ताठ होती. गादीपासून वर, हवेत, ओढून धरलेली. दोन ठिकाणी कापड आत दबलेलं होतं, मुठी असतात तिथे. वर काही नव्हतं. मागे पोपडे आलेली भिंत स्वच्छ दिसत होती.

ही कूस बदलायची पकड नव्हती. बारक्यानं आयुष्यभर ओझी वाहिली होती; सरकवायची पकड वेगळी आणि न्यायची वेगळी, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. दादा रोज मदतीला येत होता हे खरं. पण दादा मदतीला आला नव्हता. दादा कामावर आला होता.

"नाही," बारक्या ओरडला. "एकदा गेलास तो गेलास, आता यांनाही नेतोस? आणि मी? मी काय करू या घरात, भांडी वाजवू?"

त्यानं पलंगाला लाथेनं, मग खांद्यानं रेटलं आणि धाडकन भिंतीला नेऊन भिडवलं. बाबा कण्हले. पट्टा खुंटीवरून खाली पडला. चादर सैल झाली.

"उभा राहून दाखव आता," तो म्हणाला आणि ढसाढसा रडायला लागला.

६

नंतर मदत आली नाही. बारक्यानं एकट्यानं कूस बदलायचा प्रयत्न केला आणि बाबा इतके जड लागले की त्याचा विश्वास बसेना. न खाणारा, हाडं उरलेला म्हातारा. पण कपाट भिंतीत चिणलेलं असावं तसा. ओढावं लागलं. ओढताना बाबांच्या तोंडून जो आवाज आला, तो ऐकून बारक्यानं कड सोडून दिली. कमरेवर रुपयाएवढा लाल डाग उमटला.

श्वासांमधल्या पोकळ्या वाढत गेल्या, पण श्वास थांबेना. डॉक्टर येऊन गेले. बाहेर पडताना आत्याला म्हणाले, "कशावर टिकलेत, कळत नाही. काहीतरी अडलंय."

आत्या त्या दिवशी घरी गेलीच नाही. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर दोघं बाबांच्या दोन बाजूंना बसायला गेली, तर एका बाजूला भिंत. मग दोघं एकाच बाजूला बसली.

"पलंग पुन्हा भिंतीला का लावलास? परवा तर मधे होता."

"असाच."

"असाच म्हणे. तोंड बघ, चोरी पकडल्यासारखं झालंय."

तेवढ्यात ठोके पडले. भिंतीच्या बाजूनं. दोन. आधीसारखे खणखणीत नव्हते. हात अवघडल्यावर, अडचणीतून कसेबसे दिल्यासारखे.

आत्याची मान वर झाली. ती घाबरेल, किंचाळेल, असं बारक्याला वाटलं. पण तिचा चेहरा हळूहळू पोरवयातला झाला. लहानपणी ती भावाचा डबा घेऊन कामावर जायची आणि जिन्याच्या तोंडाशी, ओझं खाली येईपर्यंत, ऐकत उभी राहायची, हे बारक्यानं बाबांकडूनच ऐकलं होतं.

"किती दिवस चाललंय हे?" तिनं अगदी हळू विचारलं.

"बरेच दिवस."

"आणि आता तू एक देत नाहीस."

"नाही देणार," बारक्या म्हणाला. "आत्या, मी दिला की संपलं. मग कुणीच नाही. आधी दादा, आता हे. मला काही येत नाही गं. मला साधं औषधावरचं नाव वाचता येत नाही. मला फक्त वरची बाजू धरता येते."

आत्यानं त्याचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. ते मावत नव्हतं. मग म्हणाली, "बारक्या, खालचा माणूस पकड बसवून उभा आहे रे. ओझं त्याच्या हातात आहे. तो खाली ठेवू शकत नाही आणि तुझ्याशिवाय उचलूही शकत नाही. तुझ्या भावाला किती वेळ असा ताटकळत ठेवशील?"

बारक्यानं भिंतीकडे पाहिलं. तिथे जागा नव्हती. हात घालायलासुद्धा नव्हती.

७

पलंग भिंतीपासून लांब करताना त्यानं या वेळी खांदा लावला नाही. दोन्ही हातांनी धरून, बाबांच्या अंगाला झोका बसू नये असा, वीत वीत सरकवला. पट्टा उचलून खुंटीला लावला. आत्या उंबऱ्यात जाऊन बसली, खोलीकडे पाठ करून. पदर डोक्यावरून घेतला होता.

दुपार होती. खिडकीतून ऊन आत आलं होतं. जिन्यातून शाळेतून परतणाऱ्या पोरांचा दंगा वर येत होता. कुणाचं तरी दप्तर पायऱ्यांवरून धबाधबा घसरत गेलं आणि सगळी हसली. मग दारं लागली आणि जिना शांत झाला.

बारक्यानं कड गुंडाळली, मूठ बांधली. समोरची कड आपोआप वर आली, गुंडाळली गेली, ताठ झाली. दोन ठोके पडले. जिवंतपणी दादानं कधी दिले नसतील इतके हलके.

बाबांचे डोळे उघडले. कित्येक महिन्यांनी त्या डोळ्यांत माणूस होता. ते बारक्याकडे बघत नव्हते, पलीकडेही बघत नव्हते. पायांच्या दिशेनं, खाली कुठेतरी बघत होते, नवीन इमारतीचा जिना नजरेनं मापावा तसे.

"जपून रे," बाबा म्हणाले. "वळण अरुंद आहे."

बारक्यानं एक ठोका दिला.

ओझं उचललं गेलं. सुरुवातीला सपाट, नेहमीसारखं. मग ते कललं. खोलीची फरशी सपाट होती, पलंग सपाट होता, पण बारक्याच्या मनगटांना, पोटऱ्यांना, कमरेला जे कळत होतं त्यात चूक नव्हती. खालचा माणूस पहिली पायरी उतरला होता. पायथ्याकडून गार वारा आला. उन्हाळ्याच्या दुपारी जुन्या इमारतीच्या जिन्यात असतो तसा, दगडाचा, खोल. आणि त्या गारव्यातून पावलांचा आवाज घुमत वर आला, जड, मोजका, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवून मग दुसरी. तो आवाज खाली कुठेच आदळत नव्हता. जिना कितीतरी खोल होता. बारक्यानं एवढे जिने पाहिले, पण एवढा मोठा कधी पाहिला नव्हता, आणि हाही त्याला दिसत नव्हता. फक्त त्याच्या तोंडाशी आपण उभे आहोत हे कळत होतं. त्याच्या अंगावर काटा आला आणि डोळ्यांतून पाणी आलं. भीती कुठे संपली आणि दुसरं काय सुरू झालं, ते त्याला कळलं नाही.

आणखी एक पायरी. भार खाली सरकला, जड बाजूकडे, दादाकडे. आणि वरच्या माणसानं जे करायचं असतं तेच बारक्याचं अंग करायला निघालं. तोल सांभाळायला, ओझ्यामागून उतरायला, त्याचा उजवा पाय उचलला गेला. पुढे पायरी होती. पायाला तिची कड जाणवत होती. किती सोपं होतं. नुसतं टेकायचं होतं.

थाप पडली.

लाकडावर, सपाट, तळहाताची. टेकव.

तेव्हा मात्र बारक्यानं पाहिलं. नियम मोडला. पलंगाच्या पलीकडच्या कडेवर एक डावा पंजा पालथा पडलेला होता. बोटं रुंद, सांध्यांना धूळ. मनगटापुढे काय होतं ते त्याला दिसलं नाही, की दिसलं आणि डोळ्यांनी घेतलं नाही, कुणास ठाऊक. त्यानं पाहिला तो दादाचा अंगठा. अनेक वर्षांपूर्वी एका तिजोरीखाली ज्याचं नख चेचलं होतं, आणि परत येताना मधोमध चिरून, काळंनिळं आलं होतं.

पंजा क्षणभर तिथे राहिला. दम धर, असं सांगावं तसा त्यानं लाकूड एकदा हलकेच दाबलं. मग नव्हता.

बारक्याचा पाय खाली आला. सपाट फरशीवर. त्यानं टेकवलं.

आत्या उठून आली तेव्हा तो अजून कड धरून उभा होता. त्याच्या पोटऱ्या लटलट कापत होत्या, मोठं घर हलवल्यावर कापायच्या तशा. बाबा कुशीवर होते, पलीकडे तोंड करून. त्यांना तसं कुणी वळवलं नव्हतं. आत्यानं त्यांच्या नाकाशी बोट धरलं, कपाळावरून हात फिरवला आणि उघडे डोळे मिटले.

"पोचवलंस?" तिनं विचारलं.

बारक्यानं खुंटीकडे पाहिलं. खुंटी रिकामी होती. पट्टा तिथे नव्हता, खाली फरशीवरही नव्हता. त्यानं शोधला नाही.

"नाही," तो म्हणाला. "मी वरच्या पायरीपर्यंतच. पुढं दादा घेऊन गेला."